आक्कांची भिशी फुटली

नागपूर
८ सप्टेंबर २०२४

प्रिय क्रांतीवहिनी,

मेसेज न करता मेल लिहिते आहे, कारण मागे तुम्हीच म्हणाला होतात की तुमचा फोन म्हणजे घरातली सार्वजनिक विहीर, कोणीही येतं आणि पोहरा टाकतं. मेल मात्र तुमच्याशिवाय कोणाला उघडता येत नाही. तेव्हा हे आपल्या दोघींत.

बँकेतली नोकरी सोडून ‘हातचा राखून’ हा ब्लॉग सुरू केला, त्याला दीड वर्ष झालं. साध्या माणसाने पैसा कसा सांभाळावा हे साध्या मराठीत सांगायचं, एवढीच इच्छा होती. अडीअडचणीला किती बाजूला ठेवावं, विमा कुठला घ्यावा, आधी कर्ज फेडावं की आधी बचत करावी, सगळं लिहून झालं. तक्ते केले, रंगीत चित्रं काढली. वाचक शंभराच्या आत, आणि त्यातले निम्मे आपल्याच भावकीतले. तेही वाचत नाहीत, अंगठा दाखवून पुढे सरकतात. असे ब्लॉग आता पैशाला पासरी झालेत. सगळे तेच सांगतात, मीही तेच सांगते. मग माझ्याच दारात कोणी का थांबावं?

साठवलेलं संपत आलंय. लोकांना हातचा राखायला शिकवणाऱ्या बाईच्या हातात काही उरलेलं नाही, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. पप्पा असते तर त्यांच्यापाशी रडले असते. ते गेल्यापासून माझं कोल्हापूर म्हणजे तुम्ही आणि आत्या. तुम्ही दहावीच्या मुलांना मराठी शिकवता, कंटाळलेल्या पोरांना बाकावर बसवून ठेवणं तुम्हाला जमतं. खरं सांगा, माझा ब्लॉग तुम्ही शेवटपर्यंत का वाचत नाही?

आत्याला नमस्कार. अख्खी पेठ तिला आक्का म्हणते, तुम्ही सून असून आक्काच म्हणता. आत्या म्हणणारी मी एकटीच उरले.

तुमची
मोना

कोल्हापूर
१९ सप्टेंबर २०२४

प्रिय मोना,

खरं सांगा असं तूच म्हणालीस, तेव्हा नंतर तोंड फुगवायचं नाही.

हातकणंगल्याच्या शाळेला जाताना सकाळच्या गाडीत तुझे चार लेख वाचले. तिसऱ्याला डोळा लागला आणि रुकडी स्टेशन कधी गेलं ते कळलंच नाही. चूक काही नव्हतं गं त्यात. पण बँकेत भिंतीवर व्याजाचे दर लावलेले असतात, त्यातही चूक काही नसते, म्हणून ते कोणी उभं राहून वाचतं का?

तू लिहितेस, ‘समजा, अ या व्यक्तीचं उत्पन्न इतकं आहे.’ हा अ कोण? त्याची बायको भांडते का? सासरा आजारी आहे का? आमच्याकडं पावणा दारात आला की पाण्याचा तांब्या हातात द्यायच्या आधी विचारतात, “पावणं, कुठलं म्हणायचं? कुणाच्यातलं?” ते कळल्याशिवाय पुढचं बोलणं कोणाच्या डोक्यात शिरत नाही. तुझ्या ब्लॉगला गावच नाही. नाव घाल, गल्ली घाल, माणूस दारात कसा उभा होता ते घाल. उपदेश शेवटी दोन ओळी पुरे.

आणि आणखी एक सांगते, चांगलं नाही पण खरं आहे. आमच्या स्टाफरूममध्ये एका सरांनी शेअरमध्ये कमावलं, तेव्हा कोणी मानसुद्धा वर केली नाही. दुसऱ्या सरांचं बुडालं म्हटल्यावर सगळ्यांनी डबे झाकले आणि खुर्च्या जवळ ओढल्या. माणसाला दुसऱ्याचं बुडालेलं ऐकायला आवडतं. तेव्हा नुसतं काय करावं ते सांगत बसू नको. कोणाचं काय झालं ते सांग.

आक्कांना तुझा एक लेख वाचून दाखवला. शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “पोरगी शानी हाय. पर हे समदं बोलतीया कुणासंगं?”

तुझीच,
क्रांती

कोल्हापूर
६ नोव्हेंबर २०२४

प्रिय मोना,

उत्तर नाही म्हणजे तोंड फुगलंच. असो, दिवाळीचा फराळ कुरिअरने टाकलाय, तो खा आणि राग सोड.

इकडं सगळं घर थकून गेलंय. दिवाळीच्या आधीच्या रविवारी आक्कांची भिशी फुटली. सकाळी उजाडल्यापासून बायका दारात. घरात पाय ठेवायला जागा नाही, चपला पार गटारीपर्यंत. जिला तिला आपला पैसा आधी हवा. तुझा राजवर्धनदादा दिवसभर गर्दी आवरत उंबऱ्यात उभा. आक्का एका जागी बसून होत्या, एकेकीशी बोलून बोलून दुपारी त्यांचा आवाजच बसला. पिराजी भाजीवाल्याची बायको तर आक्कांचे हात धरून रडायलाच लागली. तिच्या पोरीचं लग्न ठरलंय ना. संध्याकाळी घर रिकामं झालं तेव्हा आक्कांच्या डब्यात एक नोट शिल्लक नव्हती. रात्री न जेवताच झोपल्या आणि दुसऱ्या दिवशी अनवाणी जोतिबाचा डोंगर चढून आल्या.

सध्या घरात भिशीचा भ काढायचा नाही असं आम्ही ठरवलंय. तूही फोनवर काढू नको, नाहीतर आक्का परत सुरू होतील आणि परत आवाज जाईल.

शाळा उघडली की इलेक्शन ड्युटी आहेच माझ्या नशिबात.

क्रांती

नागपूर
१५ नोव्हेंबर २०२४

प्रिय वहिनी,

राग नव्हता. तुमचं पहिलं पत्र दहा वेळा वाचलं आणि तसं लिहायला माणूस कुठून आणू या विचारात अडकले. तेवढ्यात हे दुसरं आलं.

वाचून आत्याला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. तुम्ही विषय काढू नको म्हणालात, आणि विषय न काढता बोलायचं काय हे मला सुचेना. त्या बायकांना तरी काय म्हणायचं, ज्याला त्याला आपला पैसा हवाच. पण आत्यासारख्या खमक्या बाईला या वयात एवढं सोसावं लागावं, हे मनातून जात नाही. अनवाणी डोंगर चढताना तिला काय वाटलं असेल?

ती सावरली का, एवढंच कळवा. आणि एक विचारू का? मला तिच्याबद्दल लिहायचंय. तिची आणि तुमची परवानगी असली तरच.

मोना

कोल्हापूर
२ डिसेंबर २०२४

प्रिय मोना,

अगं, केवढी काळजी करतेस. आवाज दोन दिवसांत आला आणि मग आम्हीच कानात बोळे घालायची वेळ आली. सावरल्या कसल्या, पाडव्याला नव्या भिशीचा नारळसुद्धा फोडला. त्याच सगळ्या बायका परत, वर चार नव्या. त्यांना दुसरं सुचतं काय? मामंजी गेल्यावर याच भिशीनं त्यांना उभं केलं. लोक त्यांना ओळखतात ते त्यावरूनच. घर राजवर्धनच्या नावावर असेल, पण घराची पत आक्कांच्या नावावर आहे.

लिही की त्यांच्यावर. मी विचारलं त्यांना, तर म्हणाल्या, “लिव म्हणावं. नाव घाल माझं, पेठंचं बी घाल. मी काय चोरी केलीया व्हय?”

इलेक्शनमधून जिवंत परत आले. आता सहामाहीचे राहिलेले पेपर तपासायचे.

क्रांती

नागपूर
२६ फेब्रुवारी २०२५

प्रिय वहिनी,

अडीच महिने लिहू की नको करत होते. शेवटी मागच्या आठवड्यात लिहिलं आणि टाकलं. तुम्ही सांगितलं तसं: नाव, पेठ, गटारीपर्यंतच्या चपला, रडणारी भाजीवालीण, अनवाणी डोंगर. सुरुवात अशी केली आहे, ‘माझ्या आत्याची भिशी फुटली, त्या दिवशी तिच्या दारात बायकांनी इतकी गर्दी केली की तिच्या मुलाला उंबऱ्यात उभं राहावं लागलं.’ आणि मधे लिहिलं, ‘सगळं गेल्यावर आठवड्याभरात तिने पुन्हा भिशी सुरू केली, आणि त्याच बायकांनी पुन्हा तिच्याकडेच पैसे दिले. याला विश्वास म्हणायचं की आंधळेपणा?’ शेवटी दोनच ओळी, कागदावर सही नसलेल्या कुठल्याही ठिकाणी पैसा ठेवू नका म्हणून.

वहिनी, दोन लाख लोकांनी वाचलं. बायका लिहितात की वाचताना रडू आलं. परदेशातून पत्रं आली. एका वर्तमानपत्राने रविवारच्या पुरवणीसाठी विचारलं, एक कंपनी जाहिरात देते म्हणते. घरभाडं थकलं होतं, ते मिटेल. दीड वर्ष तक्ते करून जे झालं नाही ते तुमच्या एका सल्ल्याने झालं.

आत्याचं दुःख विकून मी जेवते आहे असंही मधूनच वाटतं. पण तिच्यामुळे कुणा एकीचे जरी पैसे वाचले, तरी ते वाया गेलं असं म्हणवणार नाही. लिंक खाली जोडली आहे. आत्याला तुम्हीच वाचून दाखवा.

मोना

कोल्हापूर
२० मार्च २०२५

मोना,

दहावीची परीक्षा चालू होती. सेंटरवर फोन काढून घेतात, घरी आल्यावर अंगात त्राण नसायचं. तुझा मेल मी पंधरा दिवस उघडलाच नाही. तो उघडायच्या आधी तुझा लेख आमच्या दारात येऊन उभा राहिला होता.

आधी एक सांगते, कारण तुला ते माहीतच नाही असं आता माझ्या लक्षात आलंय. कोल्हापुरात भिशी फुटते ती दिवाळीला, आणि ती फुटावी म्हणून बायका वर्षभर वाट बघतात. दर रविवारी थोडे थोडे जमवायचे, ज्या बाईला नड असेल तिला त्यातून व्याजानं द्यायचे आणि दिवाळीच्या तोंडावर सगळं व्याजासकट वाटून डबा रिकामा करायचा. त्याला भिशी फुटली म्हणतात. पैसे गेले तर आम्ही बुडाली म्हणतो. तू वाढलीस त्या नागपुराकडं भिशी निघत असेल, लागत असेल. इथं फुटते.

त्या दिवशी गर्दी होती ती पैसे न्यायला आलेल्या बायकांची, आणि त्या सगळ्या घेऊन गेल्या. पिराजीची बायको रडली ती पोरीच्या लग्नाचे पैसे एकरकमी हातात बघून. आक्का जेवल्या नाहीत कारण दिवसभर बायकांनी आणलेलं गोडधोड खाऊन पोट भरलं होतं. डोंगर त्या दरवर्षी चढतात, वर्ष नीट पार पडलं म्हणून. मामा, म्हणजे तुझे पप्पा, असते तर तुझं वाक्य ऐकून खो खो हसले असते आणि तिथंच संपलं असतं.

आता इथलं ऐक. कोणीतरी तुझ्या लेखाचा फोटो पेठेतल्या बायकांच्या ग्रुपवर टाकला. पहिली आली कृष्णातची आई. बरीच वर्षं भिशीत आहे. लाजत लाजत म्हणाली, “आक्का, माझं तेवढं द्या की. पोरगं म्हणतंय काढून आण.” आक्कांच्या हातात तेवढे नव्हते. भिशीचा पैसा घरात नसतोच गं, फिरत असतो. एकीनं पिठाच्या गिरणीला घेतलेत, एकीच्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं. आक्का हसून म्हणाल्या, “आगं, फुटल्यावर मिळंल की.” सगळा जन्म त्या हेच वाक्य बोलत आल्यात. त्या बाईनं ते ऐकलं आणि दारातच ओरडायला लागली. कोल्हापूरची बाई, लहानपणापासून हाच शब्द ऐकत आलेली, आणि तिला त्यात तुझ्या लेखातला अर्थ ऐकू आला.

चार दिवसांत सगळ्या आल्या. ज्यांनी आक्कांकडून उचल घेतली होती त्याही आपलं साठवलेलं मागायला आल्या. माझा शाळेतला एक सहकारी मला म्हणाला, “मॅडम, तुमच्या घरातलीच मुलगी लिहिते म्हणजे खरंच असणार की.” नावगाव घातलं होतंस ना. त्यामुळंच लोकांनी विश्वास ठेवला.

आक्कांनी पाटल्या विकल्या. राजवर्धननं पतसंस्थेतून कर्ज काढलं. अजून निम्म्याच बायकांचे झालेत.

नाव घाल, गाव घाल असं मीच तुला शिकवलं. बुडालेलं लोक वाचतात हेही मीच. म्हणून धड रागावताही येत नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो.

क्रांती

नागपूर
२२ मार्च २०२५

वहिनी,

लेख काढून टाकला. वर्तमानपत्राला ‘नाही’ असं कळवलं, जाहिरातीचे पैसे परत केले. नवा लेख लिहिला आहे, ‘मी चुकले, माझ्या आत्याची भिशी कधीच बुडाली नाही.’ त्यात शब्दाचा अर्थ लिहिला, प्रत्येक बाईला दरवर्षी पैसे मिळाले हे लिहिलं, आत्याची माफी मागितली.

मी तिला एक फोन केला असता तर झालं असतं. विचारायला संकोच वाटला आणि त्या संकोचाला मी माझा चांगुलपणा समजत होते. दोन लाख अनोळखी लोकांना सांगताना मात्र संकोच वाटला नाही.

थोडे पैसे पाठवते आहे, नाही म्हणू नका. मला आत्याशी बोलायचंय. मी येऊ का?

मोना

कोल्हापूर
११ मे २०२५

मोना,

उत्तराला उशीर झाला कारण लिहिण्यासारखं चांगलं काही घडेल म्हणून थांबले होते.

तुझे पैसे परत पाठवलेत, बँकेत बघ. गल्लीत कुठून तरी कळलं की नागपूरच्या भाचीनं पैसे धाडले. लगेच सुरू झालं, बुडाली नव्हती तर भाची कशाला पैसं भरतीया?

सगळ्यांचे पैसे एप्रिलअखेर दिले. एकीचाही रुपया राहिलेला नाही. मला वाटलं आता तरी बोलणं थांबेल. तर म्हणतात, पाटल्या विकाव्या लागल्या म्हणजे खाल्लेच असणार. तुझा माफीचा लेख मी स्वतः त्या ग्रुपवर टाकला. दोघीतिघींनी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि पुढं कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू झाल्या. मागून कळलं, बायका म्हणतात तो आक्कांनीच लिहून घेतलाय. राजवर्धन कोणाकोणाशी भांडून आला, तर त्यावरूनही हे लोक अंगावर येतात म्हणजे पाणी मुरतंय असं झालं.

आक्कांनी एक दिवस हट्ट धरला, तुझा पहिला लेख वाचून दाखव. मी टाळत होते. शेवटी वाचला, कोणीतरी ठेवलेल्या फोटोवरून. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकला. चपला, गर्दी, डोंगर. मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, “चांगलं लिवलंय. वाईट वाटतंय त्या बाईचं.” मला वाटलं थट्टा करतायत. नव्हत्या करत. थोड्या वेळानं म्हणाल्या, “त्येंच्या जागी मी आसते तर मी बी काढून न्हेलं आसतं पैसं.”

रविवारी संध्याकाळी त्या अजून सवयीनं दार उघडं टाकून बसतात. बायका समोरच्या कडेनं जातात. काहीजणी नमस्कार करतात, तोही असा की जणू घरात कोणी आजारी आहे. पूर्वी लग्न ठरलं, मोडलं, पोरगं नापास झालं, सगळं आधी आक्कांच्या कानावर यायचं. आता त्यांना पेठेतलं मीच सांगते, आणि मला तरी काय माहीत असतं? जेवण अर्ध्यावर आलंय. डॉक्टर म्हणतात काही झालेलं नाही.

तू येऊ नको म्हणत नाही. आत्ता नको एवढंच.

क्रांती

नागपूर
२८ सप्टेंबर २०२५

वहिनी,

मधल्या महिन्यांत तुम्हाला त्रास दिला नाही. आज लिहिते आहे कारण एक संधी आली आहे आणि ती घ्यावी की नाही हे तुम्हीच सांगा.

माफीचा लेख सगळे मिळून नव्वद जणांनी वाचला. त्यानंतर मी आत्याबद्दल आणखी तीनदा लिहिलं: ती हिशेब तोंडी कसा करते, तिने कोणाकोणाची नड भागवली, हे सगळं. पहिल्यापेक्षा चांगलं लिहिलं होतं, वहिनी, मनापासून सांगते. कोणी थांबलं नाही. एका बाईने उलट विचारलं, ‘त्या बुडालेल्या आत्याचं पुढे काय झालं ते लिहा ना.’ बाईचे पैसे बुडाले तर दोन लाख, आणि तिने सगळ्यांचे चुकते केले तर नव्वद. ब्लॉग बंद केला आहे. एका दुकानाचे हिशेब लिहायला जाते.

कोल्हापुरातल्या एका महिला मंडळाने नोव्हेंबरमध्ये भाषणाला बोलावलंय. अर्थात तो पहिला लेख वाचून. मी तिथे उभी राहून सगळ्यांसमोर खरं सांगणार आहे. लिहिलेलं वाचत नसतील, पण समोर उभ्या माणसाचं ऐकतील. आत्या पहिल्या रांगेत बसली तर आणखी चांगलं.

आत्याकडे उतरले तर चालेल का? हॉटेलात उतरले तर तिला वाईट वाटेल.

मोना

कोल्हापूर
१४ ऑक्टोबर २०२५

मोनाताई,

तुमचं पत्र मिळालं. मी ‘तुम्ही’ म्हटलेलं तुम्हाला खटकेल. मनात राग नाही, पण ‘तू’ म्हणायला जी जवळीक लागते ती शोधली आणि सापडली नाही.

भाषणाचं आक्कांना सांगितलं. म्हणाल्या, “बोलवलंय तर जावं तिनं. मानाचं हाय.” उतरण्याचं विचारलं तेव्हा म्हणाल्या, “हितं नको म्हणावं. आली तर म्हणतील पैसं घिऊन आली, न्हाय जेवली तर म्हणतील भांडली. कुणीकडनं बी माझंच हुतंय.” आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माहेरच्या माणसाला घरी येऊ नको म्हटलं. रात्री मी झोपले असं समजून देवापुढं बसून रडत होत्या. त्या पहिल्या रांगेत बसणार नाहीत. तुम्हीही खरं सांगायच्या भरीला पडू नका. भाषण ऐकून बायका घरी जातील आणि सांगतील, ज्यांची बुडाली त्या आक्कांची भाची आली होती.

यंदा फुटायला भिशीच उरली नव्हती, तरी परवा, दिवाळीच्या आधीच्या रविवारी, आक्का पहाटे उठल्या. डोक्यावरून न्हाल्या, घर झाडलं, ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेरच्या खोलीत बसल्या. दुपारपर्यंत कोणी आलं नाही. मग पिराजीची बायको आली. आक्का इतक्या लगबगीनं उठल्या की मला वाटलं पडतात आता.

ती बसली नाही. खाली बघत म्हणाली, “आक्का, सून म्हणतीया गेल्या दिवाळीचं आपलं काय तरी ऱ्हायलंय. त्या लेखात हाय म्हणं, बायकांचं बुडालं म्हणून. बघा की जरा.” गेल्या दिवाळीला याच बाईनं आक्कांचे हात धरले होते. तिचे पैसे तेव्हाच मिळाले, आणि या वर्षीचे एप्रिलमध्ये. तिलाही ते माहीत असणार. मी पुढं होऊन बोलणार, तेवढ्यात आक्का आत गेल्या, फराळाच्या सामानासाठी राजवर्धननं दिलेले पैसे आणले आणि न मोजता तिच्या ओंजळीत ठेवले. ती गेली.

मी ओरडलेच त्यांच्यावर. देणं नव्हतं तर दिलंत कशाला, आता तर तुम्ही कबूलच केल्यासारखं झालं. तर म्हणाल्या, “न्हाय म्हटलं आसतं तर खरं मानलं आसतं व्हय तिनं?”

याचं उत्तर तुमच्याकडं असेल तर मला कळवू नका.

पिराजीच्या बायकोला पैसे मिळाले हे पेठेत कळलंय. हे लिहिते आहे तेवढ्यात दोघी दारात येऊन उभ्या राहिल्यात, आणि आक्का आत डबे शोधतायत.

क्रांती